हलवली की डुगडुगणारी टेबल सॉ : चाकांच्या स्टँडचा परत परत येणारा दोष

टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर आलेल्या गोल पात्यावर फळी सरकवून कापायची विजेची करवत, एका जागी असेपर्यंत काप सरळ येतो. ती ढकलून दुसऱ्या जागी नेली, चाकांचे ब्रेक दाबले आणि काम सुरू केले, की स्टँड डुगडुगू लागतो. फळी पुढे सरकवताना टेबल केसभर मागे जाते, आणि कापलेल्या कडेवर पात्याचे खोल ओरखडे किंवा जळाल्यासारखा काळपट पट्टा उमटतो. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी किंवा लाकडाची पाचर सारली की त्या दिवसापुरते काम भागते. पुढच्या खेपेस सॉ हलवली की ती पाचर निरुपयोगी ठरते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. घरगुती वर्कशॉपसाठी चाकांचा स्टँड स्वतः तयार करणाऱ्यांना हा अनुभव केव्हा ना केव्हा येतोच. मला तो एकामागून एक केलेल्या दोन स्टँडांवर आला, आणि तिसऱ्या स्टँडच्या वेळी त्याचा उलगडा झाला.

बेळगावात शहापूरमधल्या जुन्या घराच्या पडवीत माझे वर्कशॉप आहे. जागा दहा बाय बारा फुटांची, आणि रात्री तेथेच दुचाकी उभी करावी लागत असल्यामुळे सॉ कायमची एका जागी बसवणे शक्य नाही. जमीन जुन्या शहाबादी फरशीची आहे. फरशीच्या सांध्यांत एखाद-दोन मिलिमीटरचा उंचसखलपणा आहे, आणि पडवी धुतल्यावर पाणी मोरीकडे जावे म्हणून गवंड्याने मुद्दाम उतार दिलेला आहे. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घरांतही पडवीची आणि परसदाराची जमीन साधारण अशीच असते, म्हणून गुळगुळीत काँक्रीटच्या गॅरेजसाठी आखलेले स्टँडचे नकाशे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. माझी सॉ दहा इंची पात्याची, वजनाने २७ किलो, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या प्रकारातली आहे. पुढची मापे त्या बेताने वाचावीत.

हा दोष पुन्हा पुन्हा येतो याचे कारण असे की डुगडुगणे हे एकच लक्षण असले तरी त्यामागे निदान चार वेगवेगळी कारणे असू शकतात, आणि आपण त्यांपैकी जे डोळ्यांना दिसते तेवढेच दुरुस्त करतो. मी आधी चाके बदलली. मग त्याहून महाग चाके आणली. ‘आजार म्हशीला आणि औषध पखालीला’ म्हणतात तसा तो प्रकार होता, कारण माझ्या पहिल्या स्टँडचा मुख्य दोष चाकांत नव्हताच.

तपासणीला हात घालण्यापूर्वी सॉचा प्लग बोर्डातून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. दहा इंची पाते मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर त्याच्या दातांचा वेग सेकंदाला सुमारे ६६ मीटर, म्हणजे ताशी २४० किलोमीटरच्या आसपास असतो. काप चालू असताना टेबल हलले आणि फळी पाते व फेन्स (फळी सरळ सरकावी म्हणून पात्याला समांतर लावलेली पट्टी) यांच्यामध्ये तिरकी अडकली, तर ती याच वेगाच्या जोराने कापणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. म्हणून डुगडुगणाऱ्या स्टँडवर ‘एवढा एक काप घेऊन टाकू’ असे करू नये, आणि पात्यामागचा रिव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट मिटू न देणारा पत्रा, कोणत्याही सबबीवर काढून ठेवू नये.

सांगाडा स्वतःच झुकतो आहे का?

पहिली तपासणी सर्वांत सोपी आहे आणि तिला पाच मिनिटे लागतात. एक सरळ पट्टी घ्यावी, ती स्टँडच्या एका बाजूवर वरच्या एका कोपऱ्यापासून खालच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरावी, दोन्ही टोकांना शिकंजे लावून घट्ट करावी आणि टेबल हलवून पाहावे. डुगडुग लक्षात येण्याइतकी कमी झाली, तर जमीन आणि चाके यांना दोष देण्याचे कारण नाही. सांगाड्याला तिरके आधार नाहीत, एवढेच त्याचे दुखणे आहे. हीच पट्टी शेजारच्या बाजूवरही लावून पाहावी, कारण एका दिशेला घट्ट असलेला सांगाडा दुसऱ्या दिशेला ढिला असू शकतो. चौकोनाचे सांधे कितीही पक्के केले तरी तो थोडाफार झुकतोच. त्रिकोण मात्र त्याची बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय आकार बदलू शकत नाही.

माझा पहिला स्टँड १८ मिलिमीटर प्लायवूडच्या पेटीसारखा होता. भुसा मागून काढता यावा म्हणून मी पाठ उघडी ठेवली होती आणि खण बसवायचे म्हणून पुढची बाजूही उघडीच होती. दोन्ही बाजू उघड्या असलेली पेटी म्हणजे चार फळ्यांची चौकट, ती झुकणारच. पाठीला ९ मिलिमीटर प्लाय गोंद आणि स्क्रू लावून बसवल्यावर, आणि भुशासाठी त्यात फक्त वीतभर चौकोनी भोक ठेवल्यावर, निम्मा दोष त्याच संध्याकाळी गेला. पाठ नुसत्या खिळ्यांनी ठोकू नये. करवतीच्या थरथरीने खिळे महिन्याभरात सैल होतात आणि दोष हलक्या पावलांनी परत येतो.

ब्रेक लावले तरी चाक का सरकते?

बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या फिरत्या चाकांचा ब्रेक फक्त चाकाचे गरगर फिरणे थांबवतो. चाक ज्या पत्र्याच्या फोर्कमध्ये बसलेले असते, तो फोर्क उभ्या आसाभोवती वळायला मोकळाच राहतो. चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू त्या आसाच्या बरोबर खाली नसतो. शंभर मिलिमीटरच्या माझ्या चाकात तो ३५ मिलिमीटर बाजूला होता. परिणामी फोर्क केवळ ५ अंश वळला तरी वरचे टेबल ३ मिलिमीटर सरकते, आणि ब्रेक घट्ट लागलेला असल्यामुळे चाकावर कोणाला संशयही येत नाही.

याची खातरजमा खडूने करावी. चारही चाकांच्या फोर्कची दिशा दाखवणारी एकेक रेघ फरशीवर ओढावी, फळी रेटताना जेवढा जोर लागतो तेवढ्या जोराने टेबल चारही दिशांना ढकलावे आणि मग फोर्क रेघेवरून ढळला का ते पाहावे. ढळला असेल तर चाक आणि वळण दोन्ही एकाच वेळी अडवणारी, दुकानात ‘टोटल लॉक’ म्हणून मागावी लागणारी चाके हा उपाय आहे. दुकानदार कन्नडिग असला तर चाकाला ‘गाली’ म्हणेल, पण लॉकचा प्रकार मात्र हातात घेऊन, ब्रेक दाबून आणि फोर्क पिळून पाहिल्याशिवाय कोणत्याही भाषेतल्या आश्वासनावर विसंबू नये. मऊ रबराची चाकेही टाळावीत. सॉ आठवडाभर एका जागी उभी राहिली की त्यांना खाली चपटा भाग येतो, आणि काप घेताना ती दबतात.

फिरत्या चाकांचा आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही, तो म्हणजे स्टँडचा पाया त्यांच्यामुळे आखूड होतो. माझ्या पहिल्या स्टँडच्या चाकांचे आस पुढे-मागे ५०० मिलिमीटर अंतरावर होते. चारही चाके आतल्या बाजूला वळली की प्रत्यक्ष टेकण्याचे अंतर ४३० मिलिमीटर उरत असे. सॉ धरून एकूण वजन ५८ किलो आणि टेबलाची उंची ८८० मिलिमीटर होती. ५८ ला २१५ ने गुणून ८८० ने भागले की सुमारे १४ येतात, म्हणजे टेबलाच्या कडेला १४ किलोचा आडवा रेटा बसला की स्टँड कलंडायला सुरुवात होणार. ओल्या, जाड लाकडाची फळी बोथट पात्यातून ढकलताना माणूस नकळत तेवढा जोर लावून जातो. मग स्टँड का डुगडुगत होता, हा प्रश्न बाजूला राहून तो आजवर पडला कसा नाही, याचेच मला आश्चर्य वाटले.

दोष जमिनीचा की पायांचा?

सांगाडा घट्ट आहे, चाकेही ढळत नाहीत, तरीही टेबल दोन कोपऱ्यांच्या कर्णावर झुलते, अशी स्थिती असेल तर चार टेकणबिंदू एका पातळीत नाहीत. येथे दोन शक्यता उरतात: जमीन उंचसखल आहे, किंवा स्टँडलाच पीळ आहे. या दोहोंत फरक करण्यासाठी मी स्टँड त्याच जागेवर उलट तोंडाने, म्हणजे १८० अंशांत फिरवून पाहिला आणि एक अख्खी दुपार वाया घालवली. झुलणे कर्णावर असते, आणि १८० अंशांत फिरवल्यावर स्टँडचा तोच कर्ण जमिनीच्या त्याच कर्णावर येतो; त्यामुळे जमीन दोषी असो वा स्टँड, दिसणारे लक्षण तेच राहते. स्टँडचा पाया चौरस असेल तर ९० अंशांत फिरवल्याने उत्तर मिळते. तो आयताकृती असेल तर तेही मिळत नाही, कारण पाय नव्या ठिकाणी टेकतात.

यापेक्षा जमिनीला वगळूनच तपासणी करणे बरे. सॉ काढून स्टँड उलटा ठेवावा, चार पायांच्या टोकांवर गवंड्याच्या सुताचे दोन धागे कर्णांसारखे, एकमेकांना छेदतील असे ताणून बांधावेत. धागे मध्यभागी एकमेकांना नुसते स्पर्श करत असतील तर पीळ नाही. दोघांमध्ये फट दिसली, किंवा एका धाग्याने दुसऱ्याला दाबून वाकवले, तर पीळ आहे. वरखाली असलेल्या धाग्यांची अदलाबदल करून दोन्ही वेळा पाहावे, म्हणजे फसगत होत नाही. दोन कर्णांची मापे टेपने समान आली म्हणून निश्चिंत राहू नये. समान कर्ण गुण्यात असल्याची खूण देतात, पिळाबद्दल काहीच सांगत नाहीत.

माझा दुसरा स्टँड ४० बाय ४० मिलिमीटर, २ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाईपचा होता आणि तो मी एका वेल्डरकडून करून घेतला होता. कर्ण अचूक होते, दिसायला तो देखणा होता, आणि पडवीत आणून ठेवताच झुलू लागला. दुसऱ्या एका कारागिराने त्याला नुसता हात लावून ‘भाळ अलगाडतैति’ (फार हलते) असा कन्नडमध्ये निकाल दिला आणि कारणही सांगितले: एका कोपऱ्याचे वेल्डिंग पूर्ण करून मगच पुढचा कोपरा घेतला होता. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो आणि पाईपला आपल्याकडे ओढतो. म्हणून सांगाडा सपाट पृष्ठावर शिकंज्यांनी आवळून, आधी सर्व सांध्यांना फक्त टाके मारून, धाग्याने तपासून, आणि नंतर समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घेत वेल्डिंग पुरे करावे लागते. हे काम बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेकडे करून घेणार असाल, तर ही अट आधीच बोलून ठेवावी. काम झाल्यावर बोललेली अट तक्रार ठरते.

जमिनीच्या बाबतीत फारसे करण्यासारखे नसते. उतार हा दोष नव्हे. एकसारख्या उतारावर चारही पाय व्यवस्थित टेकतात आणि टेबल जरा कलते असल्याने कापात काही बिघडत नाही. त्रास देतो तो फरशीच्या सांध्यांतला उंचसखलपणा, आणि तो जागोजागी वेगळा असतो. एका जागेसाठी तासलेली पाचर दुसऱ्या जागी चुकते ती याच कारणाने.

सॉलाच पीळ बसतो तेव्हा

हा भाग मला सर्वांत उशिरा कळला, आणि डुगडुग गेल्यावरही काप बिघडतच राहतो तो बहुधा यामुळे. सॉ स्टँडला चार बोल्टांनी आवळलेली असते. उचलून नेता येणाऱ्या सॉचे टेबल ढाळीव ॲल्युमिनियमचे आणि खालचा सांगाडा बहुधा प्लॅस्टिकचा असतो; दोन्ही फार ताठ नसतात. स्टँडचा वरचा भाग किंचित पिळलेला असेल तर बोल्ट घट्ट करताना आपण सॉलाच त्या पिळात ओढून घेतो. मग दर वेळी फेन्स जुळवायची आणि स्टँड हलवला की ती पुन्हा बिघडायची, असे चक्र सुरू होते.

तपासण्याची रीत अशी. पात्याच्या एका दातावर मार्कर पेनने खूण करावी. टेबलावरच्या खाचेपासून त्या दातापर्यंतचे अंतर, तो दात पुढच्या बाजूला असताना आणि नंतर पाते हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला आणल्यावर, असे दोनदा मोजावे. दोन्ही वेळा तोच दात वापरल्याने पात्याचा स्वतःचा डगमग मोजमापात येत नाही. फरक ०.१ मिलिमीटरपर्यंत असेल तर उत्तम. हे माप स्टँड पडवीत दोन वेगवेगळ्या जागी उभा करून घ्यावे. माझ्याकडे एका जागी फरक नगण्य होता आणि दाराजवळ तो ०.३ मिलिमीटरवर गेला होता. त्या मधल्या काळात मी सॉला हातही लावला नव्हता.

उपाय साधा आहे. तीन बोल्ट आवळून चौथा पूर्ण सैल सोडावा आणि त्याच्याजवळ सॉचा पाया व स्टँड यांच्यामध्ये किती फट राहते ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाने) पाहावे. तेवढ्या जाडीची चकती तेथे भरूनच चौथा बोल्ट आवळावा. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि कात्रीने कापला जातो. माझ्या सॉखाली अशा तीन चकत्या आहेत. बोल्ट शक्य तितके जोर लावून आवळणे हा गुण नाही. एम-८ बोल्ट, खाली रुंद वॉशर आणि आपोआप सैल न होणारा नायलॉक नट एवढे असले की मध्यम जोर पुरतो.

कायमचा उपाय : कापताना चाके हवेत

एवढ्या तपासण्यांनंतर मी ज्या मताला आलो ते असे की या प्रकारच्या जमिनीवर काप चालू असताना सॉचा भार चाकांवर असूच नये. चाके फक्त नेण्यापुरती टेकावीत, आणि जागेवर आल्यावर स्टँड आपल्या पायांवर उभा राहावा. पेडल दाबून चाके वरखाली होणारे तयार संच मिळतात आणि ज्यांच्याकडे वेल्डिंगची सोय नाही त्यांनी ते अवश्य घ्यावेत. चार चाकांशेजारी चार उंची जुळवणारे स्क्रूचे पाय लावणे हाही मार्ग आहे, परंतु रोज चार स्क्रू वर आणि चार खाली करण्याचा उत्साह आठवड्याभरात संपतो आणि माणूस पुन्हा चाकांवरच काप घेऊ लागतो. मला ढकलगाडीची रचना सर्वांत टिकाऊ वाटली: एका टोकाला दोन न वळणारी चाके, दुसऱ्या टोकाला धरायला दांडे.

पायांमधील अंतर मी लांबीला ७०० आणि खोलीला ६५० मिलिमीटर ठेवले आहे. चाके मोटरच्या बाजूला, जवळच्या पायांच्याही १२० मिलिमीटर बाहेर आहेत, आणि स्टँड पायांवर उभा असताना ती जमिनीपासून ३ मिलिमीटर वर राहतात. हे १२० मिलिमीटरचे अंतर काटकसरीने कमी करू नये. पहिल्या प्रयत्नात मी ते ६० ठेवले होते, तेव्हा दांडे छातीपर्यंत उचलले तरी जवळचे पाय फरशीच्या सांध्यांना घासत राहत. आता दांडे साधारण १८ सेंटिमीटर उचलले की ते पाय सुमारे १५ मिलिमीटर वर येतात, आणि सांधे काय, पायपुसण्याची कडही अडत नाही. उंबरा मात्र ओलांडता येत नाही; त्यासाठी मी फळीचा उतार करून ठेवला आहे.

उचलण्याचा भार आधीच काढून पाहावा. सॉ आणि स्टँड मिळून ६२ किलो. गुरुत्वमध्य चाकांच्या आसापासून ४३० मिलिमीटर. दांड्यांची मूठ आसापासून १,२२० मिलिमीटर. म्हणजे हातावर सुमारे २२ किलो येतात. दांडे पायांच्या पुढे ४० सेंटिमीटर बाहेर येतात आणि काम करताना पोटऱ्यांना लागू नयेत म्हणून ते पाईपमध्ये सरकवून काढता-घालता येतील असे केले आहेत. मोटर चाकांच्या विरुद्ध बाजूला ठेवली असती तर हाच भार आणखी वाढला असता. पाया रुंद झाल्यामुळे कलंडण्याचा हिशेबही सुधारला: आधी १४ किलोच्या रेट्याला जो धोका होता, तो आता सुमारे २३ किलोवर गेला आहे, आणि खालच्या फळीवर दोन पेव्हर ब्लॉक ठेवल्यास तो आणखी लांब जातो.

आता राहिली उंचसखल फरशी. चार पायांपैकी तीन पाय पक्के ठेवावेत आणि फक्त चौथ्याला एम-१२ चा स्क्रू लावावा. तीन पाय कोणत्याही जमिनीवर टेकतातच. चौथ्याने त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते. चारही पाय फिरवता येतील असे केले तर कोणता वर घ्यायचा आणि कोणता खाली, या घोळात पडावे लागते. एम-१२ च्या नेहमीच्या आट्यांत एका फेऱ्याला १.७५ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे पाव फेऱ्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पाय टेकला की नाही हे कागदाने पाहावे: साध्या छपाईच्या कागदाची पट्टी पायाखाली सारावी आणि ती ओढल्यावर अडेपर्यंत स्क्रू फिरवावा, मग स्क्रू जागेवर धरून ठेवणारा त्यावरचा चेक नट आवळावा. पायांखाली जाड मऊ रबर नको. कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे उत्तम, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ते भंगारवाल्याकडे शोधल्यास सापडतात.

पाऊस, लाकूड आणि सैल होणारे नट

लाकडी सांगाडा करणाऱ्यांनी एक गोष्ट अधिक सांभाळावी. मृगापासून पुढे तीन-चार महिने हवा दमट असते आणि फाल्गुन-चैत्रात ती कोरडी पडते. लाकूड पहिल्या काळात फुगते आणि दुसऱ्यात आटते. पावसाळ्यात आवळलेला बोल्ट उन्हाळ्यात सैल सापडतो, कारण फुगलेले लाकूड वॉशरखाली चेपले जाते आणि आटल्यावर पूर्ववत होत नाही. वखारीत ज्याला मत्ती म्हणतात तो ऐन आणि होन्ने म्हणतात तो बिबळा, ही लाकडे वजनदार आणि कठीण असल्याने पायांसाठी चांगली, मात्र ती पुरेशी वाळलेली घ्यावीत. ओल्या मत्तीचा पाय वर्षभरात स्वतःच पीळ घेतो आणि धाग्याची सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. प्लायवूड घ्यायचे तर पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचे, म्हणजे बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० चे घ्यावे आणि खालच्या कडा रंगाने बंद कराव्यात, कारण पडवी धुतलेले पाणी आधी तेथेच शिरते. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) या कामाला अजिबात वापरू नये. मी नटांची तपासणी वर्षातून दोनदा करतो, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा खंडेनवमीला, हत्यारे पुसून पूजेला मांडताना. त्या दिवशी पाना हातात असतोच.

काही वेळा दोष स्टँडचा नसतोच. कड प्रत्येक जागी, अगदी स्टँड न हलवताही जळत असेल, तर पाते बोथट झाले आहे, त्यावर डिंक साचला आहे किंवा फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकली आहे असे समजावे. लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर सॉ चालवली की मोटर भाराखाली मंदावते आणि तसेच डाग पडतात. १,८०० वॅटची सॉ २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर घेते, म्हणून १६ अँपिअरचा प्लग आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. आणि आठ बाय चारचा १८ मिलिमीटर प्लाय, ज्याचे वजन ३५ किलोच्या आसपास भरते, तो अख्खा कोणत्याही हलक्या स्टँडवर चढवू नये. तो आधी जमिनीवर थर्माकोल अंथरून हातातल्या सर्क्युलर सॉने अर्धा करावा आणि मग टेबलावर घ्यावा.

माझ्या पडवीत सॉ तीन जागी उभी राहते: खिडकीखाली, दाराजवळ आणि रात्री भिंतीला लागून. पहिल्या दोन जागी फरशीवर पायांच्या चार टोकांभोवती ऑइल पेंटने चौकोन काढले आहेत आणि भिंतीवर स्क्रूचे माप लिहून ठेवले आहे: खिडकीखाली शून्य, दाराजवळ सव्वा फेरा खाली. भिंतीलगत काप घ्यायचाच नसतो, तेथे ती डुगडुगली तरी चालते.